आधी जाऊन पाहा : विद्यापीठाच्या आवारातला एक दिवस



दर वर्षी निकालानंतर आपल्या वार्तापत्रात पास झालेल्या मुलामुलींचा फोटो येतो. पेढा हातात, मागे वसतिगृहाची भिंत. तो फोटो पाहून तुम्ही आनंदित होता, पत्रे लिहिता, देणग्या पाठवता. त्याबद्दल देवाचे आणि तुमचे आभार. या वेळी मात्र फोटोनंतर काय होते, त्याबद्दल लिहायचे आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातल्या एका मुलाला मोठ्या शहरात एम.ए.ला प्रवेश मिळाला. सुरगाणा तालुक्यातल्या त्याच्या पाड्यावरून पदवीपर्यंत पोहोचलेला तो पहिलाच. मंडळीने वर्गणी काढली. नवी बॅग, दोन जोडी कपडे, एक पवित्र शास्त्र घेतले. आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि त्याला रात्रीच्या गाडीत बसवून दिले. पाचव्या दिवशी तो परत आला.

काय झाले ते त्याने कितीतरी दिवस सांगितले नाही. पुढे तो दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जाऊ लागला. तिथे मी भेटायला गेले तेव्हा बोलला. पहिल्या दिवशी त्याला विभागाची इमारतच सापडली नव्हती. दुसऱ्या दिवशी सापडली, पण खिडकीवर कोणता कागद मागितला ते कळले नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी तो फाटकापर्यंत गेला आणि बाहेरच्या चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत बसून राहिला. चौथ्या दिवशी त्याने परतीची गाडी धरली. “ताई, सगळ्यांना सगळं माहीत होतं. मलाच काही माहीत नव्हतं,” तो म्हणाला.

त्याचा दोष नव्हता आणि त्या संस्थेचाही नव्हता. आम्ही त्याला बॅग दिली, पण जिथे जायचे ती जागा एकदाही दाखवली नाही. थिऑलॉजीच्या डिप्लोमासाठी मी स्वतः गावातून शहरात गेले होते. पहिल्या आठवड्यात भोजनगृह कुठे आहे हे विचारायची भीती वाटून मी दोन रात्री बिस्किटांवर काढल्या होत्या. ते मी विसरले, ही माझी चूक.

गणना या पुस्तकातली हेरांची कथा आपण सगळ्यांनी रविवारच्या शाळेत ऐकली आहे. वचनदत्त देशात शिरण्यापूर्वी मोशेने बारा माणसे पुढे पाठवली. त्यांनी चाळीस दिवस देश पाहिला, दोघांनी मिळून उचलावा लागेल असा द्राक्षांचा घड आणला. दहा जण म्हणाले, तिथली माणसे धिप्पाड आहेत, आम्ही त्यांच्यापुढे टोळांसारखे दिसत होतो. दोघे म्हणाले, आपण जाऊ शकतो. देवाने देश द्यायचे ठरवले होते, तरी आधी पाहून यायला सांगितले. विश्वास ठेवणे आणि आधी जाऊन पाहणे यांत विरोध नाही, हे मला त्या मुलामुळे उशिरा कळले.

म्हणून गेल्या काही वर्षांपासून आम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना प्रवेशाच्या आधीच एकदा विद्यापीठ दाखवून आणतो. गेल्या सप्टेंबरात पाच मुले आणि एका मुलीचे वडील यांना घेऊन मी पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात गेले. त्या दिवसातून जे शिकलो ते इथे मांडते. तुमच्या मंडळीतल्या कोणत्याही मुलाला, कोणत्याही मोठ्या विद्यापीठाच्या बाबतीत, त्याचा उपयोग होईल.

हे विद्यापीठ म्हणजे काय

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. बॅरिस्टर मु. रा. जयकर हे पहिले कुलगुरू. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव दिले गेले. आवार गणेशखिंडीत, सुमारे ४११ एकरांचे. मनोरा असलेली जुनी दगडी मुख्य इमारत ही इंग्रजांच्या काळात मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान होती. १८६४ मध्ये काम सुरू होऊन १८७१ मध्ये ती पूर्ण झाली. ज्या फाटकातून एके काळी गव्हर्नरची बग्गी जात असे, तिथून आज पाड्यावरचे मूल आधार कार्ड खिशात घालून आत जाऊ शकते. हे मी मुलांना मुद्दाम सांगते, कारण दगडी इमारत पाहिली की पाऊल अडखळते.

आणखीही एक गोष्ट सांगते. जोतीराव फुले अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिशनच्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहायला गेले होते. त्या पाहून आल्यावर त्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. जाऊन पाहण्यातून काय उभे राहू शकते, याचे हे आपल्या मातीतले उदाहरण.

पालकांच्या मनातला एक गोंधळ इथेच दूर करते. विद्यापीठ आणि कॉलेज यांत फरक आहे. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे या जिल्ह्यांतली शेकडो कॉलेजे या विद्यापीठाला जोडलेली आहेत. मूल सुरगाण्यात बी.ए. करते तेव्हाही ते याच विद्यापीठाचे असते आणि पदवीवर हेच नाव असते. पुण्याच्या आवारातल्या विभागांत मुख्यतः एम.ए., एम.एस्सी. आणि त्यापुढचे शिक्षण चालते. म्हणजे आमची मुले परक्याच्या दारात जात नव्हती. हे ऐकून एक मुलगा म्हणाला, “मग आपलंच आहे की!” त्या दिवसाचे निम्मे काम तिथेच झाले.

निघण्यापूर्वी

दिवस निवडताना सोमवार ते शुक्रवार यांपैकीच निवडा. शनिवार-रविवारी झाडे आणि इमारती दिसतील, माणसे भेटणार नाहीत. दिवाळीची सुट्टी आणि परीक्षांचे दिवसही टाळा. प्रवेशाचा हंगामही बरा नव्हे. तेव्हा खिडक्यांवर रांगा असतात आणि कोणालाच बोलायला वेळ नसतो. ऑगस्ट-सप्टेंबर किंवा जानेवारी चांगला.

आधी विभागाला फोन करा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विभागाचे पान असते. “आमची मुले पुढच्या वर्षी अर्ज करणार आहेत, विभाग पाहायला कधी यावे?” एवढेच विचारायचे. फोन मी लावत नाही, मुलांना लावायला सांगते. पहिल्या फोनला एका मुलीचा आवाज इतका कापत होता, की पलीकडच्या बाईंनी तीनदा “कोण बोलतंय?” विचारले. तिसऱ्या फोनला तीच मुलगी नाव, कॉलेज, विषय नीट सांगत होती.

आपला विभाग नक्की कोणत्या जागी आहे तेही बघा. मोठ्या विद्यापीठांचे सगळे विभाग एकाच आवारात नसतात. पुण्याचा परकीय भाषांचा विभाग गणेशखिंडीत नाही, तो फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मुंबई विद्यापीठाचे जुने आवार फोर्टला, तर बरेचसे विभाग कालिन्याच्या विद्यानगरीत आहेत. चुकीच्या जागी उतरलेल्या मुलाचा अर्धा दिवस तिथेच जातो आणि धीरही जातो.

बरोबर काय घ्यावे? आधार कार्ड, एक वही, दोन पेने, पाण्याची बाटली, आणि सर्व प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रती एका फाइलमध्ये. मूळ कागद घरीच ठेवा. या दिवशी त्यांचे काम नसते आणि ते गाडीत राहिले तर वर्ष वाया जाते. पायांत जुन्या, सवयीच्या चपला. आमच्या एका मुलाने हौसेने नवे बूट घातले आणि दुपारनंतर ते हातात घेऊन चालला.

प्रवासाचे म्हणाल तर नाशिक ते पुणे सुमारे २१० किलोमीटर. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे मुलींना पाठवणे पूर्वीइतके महाग राहिलेले नाही. आम्ही आदल्या दिवशी गेलो आणि खडकीतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिलो. विद्यापीठ तिथून जवळ पडते. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट विद्यापीठात जाऊ नका. झोप न झालेल्या मुलाला सगळेच मोठे आणि कठीण वाटते.

आत गेल्यावर

मुख्य फाटक गणेशखिंड रस्त्यावर, विद्यापीठ चौकाजवळ आहे. औंधकडून आणि खडकीकडूनही आत जायच्या वाटा आहेत. पहिल्या भेटीत मुख्य फाटकानेच जा, म्हणजे पुढे कोणी पत्ता सांगितला तर तो समजतो. फाटकावरच्या रखवालदाराला नमस्कार करून कुठे जायचे ते सांगा. त्याला रोज शंभर जण विचारतात, आपण विचारल्याने कोणी हसत नाही.

पूर्ण आवार पाहायचा हट्ट धरू नका. ४११ एकर एका दिवसात होत नाही आणि त्याची गरजही नसते. आम्ही मुलांना पाच जागा ठरवून देतो : आपला विभाग, प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची चौकशी होते ती कचेरी, ग्रंथालय, वसतिगृह, आणि जेवायची जागा. या पाच जागा पायाखालच्या झाल्या की उरलेले आवार हळूहळू आपोआप कळते.

एका जागेहून दुसऱ्या जागेला जाताना मी पुढे चालत नाही. एकेका टप्प्याला एकेक मूल पुढे, बाकीचे मागे. पुढच्याने वाट विचारायची, चुकला तर चुकू द्यायचे. आम्ही दोनदा भलतीकडेच गेलो. एकदा तर जिथून निघालो त्याच वडाखाली परत आलो आणि सगळे पोट धरून हसलो. जून महिन्यात एकट्याने चुकण्यापेक्षा सप्टेंबरात सगळ्यांनी मिळून चुकलेले बरे.

विभागात काय विचारावे

विभागाच्या दारात मुले थबकतात. आत खुर्च्यांवर मोठी माणसे, भिंतीवर इंग्रजी फलक. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला सांगते. एक, मराठीत विचारायला लाजू नये. दुसरी, प्रश्न वहीत लिहून न्यावेत आणि उत्तरही तिथल्या तिथे वहीत लिहावे. ऐकलेले उत्तर फाटकाबाहेर पडेपर्यंत विसरते. आमचे प्रश्न असे होते :

१. प्रवेश परीक्षा असते का? अर्ज साधारण कोणत्या महिन्यात निघतात? मागच्या वर्षीचा अभ्यासक्रम कुठे मिळेल?

२. एकूण जागा किती आणि अनुसूचित जमातीसाठी किती? (राज्यात जमातींसाठी ७ टक्के जागा राखीव असतात. आपल्या विषयात त्या प्रत्यक्षात किती होतात ते विचारावे.)

३. शिकवणे कोणत्या भाषेत चालते? उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का?

४. प्रवेशाच्या दिवशी कोणकोणते मूळ कागद लागतात?

५. आदिवासी विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हातात किती पैसे भरावे लागतात आणि शिष्यवृत्तीतून काय भागते?

६. आमच्या जिल्ह्यातले कोणी सध्या इथे शिकते का? त्यांच्याशी बोलता येईल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. आम्हाला एका विभागात नंदुरबारकडची एक विद्यार्थिनी भेटली. तिने अर्धा तास दिला. प्राध्यापकांनी सांगितलेले आमच्या मुलांनी वहीत लिहिले, तिचे बोलणे मात्र जवळ सरकून ऐकले. पहिल्या सहामाहीत इंग्रजी पुस्तके वाचताना ती किती रडली, आणि दुसऱ्या सहामाहीत तेच पुस्तक तिने दुसऱ्याला कसे समजावून दिले, हे तिने सांगितले. एक मुलगा तिला म्हणाला, “म्हणजे तुम्हालाही येत नव्हतं?” ती हसली. “कोणालाच येत नव्हतं. शहरातली मुलं ते चेहऱ्यावर दाखवत नाहीत, एवढंच.”

कागद आणि पैसा

आमच्या मुलांचे पाऊल बहुतेक वेळा अभ्यासामुळे अडत नाही, कागदामुळे अडते. म्हणून हा भाग सविस्तर लिहिते.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. वैधता मात्र जमातीसाठी असलेली पडताळणी समिती देते. अशा समित्या नाशिक, नंदुरबार, पुणे अशा ठिकाणी आहेत. त्यासाठी वंशावळ, आजोबा-पणजोबांचे शाळेचे किंवा महसुलाचे जुने दाखले लागतात आणि निर्णयाला काही महिने जाऊ शकतात. म्हणून विद्यापीठ पाहून आल्यावर पहिले काम हेच : मुलाची वैधता झाली आहे का ते पाहणे. नसेल तर त्याच आठवड्यात कॉलेजातून चौकशी करून अर्ज भरणे.

आपल्या मंडळ्यांत नेहमी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तरही इथेच देते. ख्रिस्ती झालेल्या आदिवासीला जमातीच्या सवलती मिळतात का? अनुसूचित जमातींबाबतच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती आहे, म्हणून लोकांची गल्लत होते. आदिवासी मूल ख्रिस्ती असले तरी कोकणा, वारली किंवा भिल्लच राहते. तेव्हा अर्जात खरे तेच लिहावे. धर्म लपवायची गरज नाही आणि आपली जमात सांगायला लाजायची तर मुळीच नाही. खोट्यावर उभा केलेला प्रवेश आपल्याला शोभत नाही आणि तो टिकतही नाही.

पैशासाठी चार वाटा आहेत. पहिली, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. दुसरी, आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे. पुण्यातही ती आहेत. तिसरी, पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याला राहण्या-जेवणासाठीची रक्कम तिच्यातून खात्यात मिळते. चौथी, विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेत विद्यार्थी ठरावीक तास विद्यापीठातच काम करतो आणि त्याचा मोबदला मिळवतो. आमची मुले लहानपणापासून कामाला सवयीची आहेत. ही योजना कळल्यावर एका मुलाचा चेहरा असा खुलला, की मला वाटले आता याला मी नसले तरी चालेल.

विद्यापीठाच्या स्वतःच्या वसतिगृहात जागा मर्यादित असतात. विभागात प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असे होत नाही, तिचा अर्ज वेगळा असतो. हे आधी माहीत नसल्यामुळे पुष्कळ मुले पहिल्याच आठवड्यात हवालदिल होतात. म्हणून पहिल्या महिन्यासाठी राहण्याची दुसरी सोय आधीच बघून ठेवावी.

ग्रंथालयात आणि जेवणाच्या टेबलावर

जयकर ग्रंथालयाची इमारत मुलांना जरूर दाखवा. आत जायची परवानगी मिळेल न मिळेल, ते त्या त्या दिवशी काउंटरवर विचारावे. पण पायऱ्यांवर तरी पंधरा मिनिटे बसावे आणि आत-बाहेर करणारी मुले पाहावीत. कोणी चटपटीत कपड्यांत असते, कोणी साध्या सदऱ्यात. कोणी डबा उघडून बसलेले असते. आपल्यासारखे कोण दिसते, हे मुले न सांगता शोधत असतात. त्यांना शोधू द्यावे.

दुपारचे जेवण आवारातल्याच कँटीनमध्ये घ्या. तिथे थाळीचा भाव, रांग, ताट कुठे ठेवायचे हे सगळे एकदा कळते. मुलींनी स्वच्छतागृहे कुठे आहेत, वसतिगृहाचे दार रात्री किती वाजता बंद होते, आरोग्य केंद्र कुठे आहे हेही विचारून घ्यावे. हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण घरी आई पहिल्यांदा हेच विचारणार असते.

वेळ उरला तर आवाराला लागून असलेल्या आयुकाकडे जा. डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली ही खगोलशास्त्राची संस्था. तिथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती सर्वांसाठी खुली असते, एरवी फाटकावर विचारून घ्यावे. त्याच दिवशी नारायणगावजवळच्या खोडद येथील मोठी रेडिओ दुर्बीणही पाहता येते. विज्ञान शिकणाऱ्या मुलांना त्या सुमारास आणलेत तर एका फेरीत दोन्ही होतील.

शहरात दुसरा दिवस मिळाला, तर क्वीन्स गार्डन भागातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय दाखवावे. आपल्या घरातली वाद्ये, टोपल्या, दागिने, चित्रे तिथे जपून मांडलेली पाहिली, की मुले गप्प होतात. एक मुलगी हळूच म्हणाली, “हे तर आजीकडं पण आहे.” मग ती दुसऱ्यांना ते कसे वापरतात ते सांगू लागली. त्या दिवशी पहिल्यांदाच कोणाला तरी समजावून सांगायची पाळी तिची होती.

पालकांनाही न्या

आमच्याबरोबर आलेले वडील दिवसभर काही बोलले नाहीत. मुलगी हुशार, पण घरी दोन धाकटी भावंडे. दिवाळीनंतर सगळे घर द्राक्षाच्या कामाला जाते. मुलीचे हात कमी झाले की तेवढी मजुरी कमी. शिवाय तिला मागणीही आली होती. ते आमच्या आग्रहाखातर आले होते, इतकेच.

कँटीनमध्ये त्यांनी थाळीचा भाव विचारला, मनात हिशेब केला. मग नंदुरबारच्या त्या विद्यार्थिनीला विचारले, “पोरी, सुट्टीत घरी कशी जातेस? सोबत कोण असतं?” तिने गाड्या सांगितल्या, सोबतच्या मैत्रिणींबद्दल सांगितले. बापाने मान हलवली. परतीच्या गाडीत चाकण गेल्यावर ते मला म्हणाले, “ताई, हिला यायचं झालं तर गाडी नाशिकलाच बदलायची ना? अजून कुठं नाही ना बदलावी लागत?”

“नाही, फक्त नाशिकला,” मी म्हणाले.

“मग काय अवघड नाही,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

मी वीस वर्षे हे काम करते आहे. एखाद्या बापाचा होकार कसा असतो, ते आता मला कळते.

परत आल्यावर

घरी पोचल्यावर दोन दिवसांच्या आत मुलांना संध्याकाळच्या उपासनेनंतर सगळ्यांसमोर बोलायला सांगा. काय आवडले आणि कशाची भीती वाटली, दोन्ही. हेरांच्या कथेतल्या दहा जणांची चूक ही नव्हती की त्यांनी धिप्पाड माणसे पाहिली. ती तिथे होतीच. त्यांनी द्राक्षांचा घड हातात असून त्याच्याकडे पाहिले नाही, ही चूक. आमच्या मुलांनी दोन्ही सांगितले. इंग्रजीची भीती, गर्दीची भीती, कपड्यांची लाज. आणि नंदुरबारची ताई, कमवा आणि शिका, वडाखाली परत येणे.

पाचपैकी एका मुलाने ठरवले, की त्याला तिथे जायचे नाही. त्याला आय.टी.आय. करून वीजतंत्री व्हायचे आहे. मी त्याला शाबासकी दिली. पाहून आल्यावर ‘नको’ म्हणणे हे न पाहता घाबरून ‘नको’ म्हणण्यापेक्षा फार वेगळे असते.

आणि तो पहिला मुलगा? तो आता आमच्या मुलांना जाण्याच्या आदल्या आठवड्यात भेटतो आणि आपले ते चार दिवस सांगतो. हे त्याला सोपे नाही. पण तो येतो.

तुम्ही काय करू शकता

पुणे, मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे राहणाऱ्या आपल्या वाचकांना माझी एक नम्र विनंती आहे. तुमच्या देणग्यांनी मुलांची फी आणि पुस्तके होतात. त्याबरोबर वर्षातला एक दिवस द्या. विद्यापीठाजवळ राहत असाल तर चार-पाच मुलांना एक रात्र घरी ठेवा. विद्यापीठात शिकला असाल किंवा नोकरीला असाल तर सकाळी त्यांच्याबरोबर फाटकातून आत चला. तरुण संघातल्या मुलामुलींनी एकेका पाहुण्याबरोबर दुपारचे जेवण घ्यावे. पुढे जूनमध्ये ते मूल एकटे येईल, तेव्हा त्या शहरात त्याला नावाने ओळखणारे एक तरी माणूस असेल. आमचा तो मुलगा टपरीवर बसला होता, तेव्हा असे कोणी असते तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

शेवटी प्रार्थनेचा एक विषय. त्या वडिलांची मुलगी आता शेवटच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिला आलेली मागणी घरच्यांनी तूर्त थांबवली आहे. तिच्या वैधतेचा अर्ज समितीकडे आहे. पणजोबांचा एक जुना दाखला मिळत नव्हता, तो शोधायला तिचे वडीलच दोन वेळा तालुक्याला जाऊन आले. कागद वेळेवर मिळावा, प्रवेश परीक्षा चांगली जावी, आणि जूनमध्ये ती गाडीत बसेल तेव्हा तिला वाट माहीत असल्याचा धीर असावा, म्हणून तिची आठवण करा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो.